शिशाच्या नाण्यावरचं धनुष्य

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या नाण्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "सोन्याचं आहे काय हो?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. मला मात्र सोन्याच्या नाण्यांचं तितकं कौतुक नाही. सोनं सावकाराच्या हंड्यात गेलं की तिथंच पडून राहायचं. मीठ, तेल, नावेची उतराई भागवायला लागायचं ते तांब्याचं, काशाचं नाहीतर शिशाचं नाणं. राज्य डळमळायला लागलं की त्याचा पहिला फटका याच चिल्लरीला.

आपल्या बेळगावात वडगाव-माधवपूरला उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. तिकडं कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945 च्या आसपास खोदकाम झालं, तिथल्या काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती मिळाली. रोमन जगाचा माल घाट चढून वर आला होता, याला आणखी पुरावा कशाला हवा?

पण ब्रह्मपुरीची खरी मौज, सातवाहन काळात कोल्हापूरकडं राज्य करणाऱ्या कुर राजांच्या नाण्यांत आहे. ही नाणी बहुतेक शिशाची, जाड, हाताला बोजड लागणारी. एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य आणि भोवती गोलाकार ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला कमानी एकावर एक रचून केलेला डोंगर आणि झाड. राजे तीन: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक लेखकाच्या भूगोलात हिप्पोकुरा नावाच्या राजधानीत बालेओकुरोस राजा राहतो असं आहे, तो यांच्यापैकीच एक विळिवायकुर, असं अभ्यासक मानतात. हे सातवाहनांचे मांडलिक की स्वतंत्र, यावर वाद आहे. नाण्यांवरची भाषा प्राकृत. मराठीही नाही, कन्नडही नाही, त्यामुळे सीमाभागात निदान या एका विषयावर भांडण नाही!

आता या तिघांत आधीचा कोण आणि नंतरचा कोण? शिलालेख नाही, वंशावळ नाही. उत्तर दिलं ते नाण्यांनीच. नवा राजा आला की जुनी नाणी वितळवत बसण्यापेक्षा त्यांच्यावरच आपला ठसा हाणायचा. घाईच्या कामात खालचा ठसा पूर्ण बुजत नाही. भिंगातून बघितलं तर नव्या धनुष्याच्या दोरीखालून जुनं अक्षर डोकावतं. वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर शिवलकुराचा ठसा मिळतो, शिवलकुराच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा. झाला क्रम नक्की. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, हा गौतमीपुत्र वेगळा बरं का, त्यानं हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचं हेच केलं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या हजारो नाण्यांवर असा दुबार ठसा आहे. हरलेल्या राजाचं तोंड बाजारातून पुसायचं, तेही त्याच्याच चांदीवर. यापेक्षा स्वस्त जाहिरात कुठली?

चिल्लरीला फटका कसा बसतो, ते रोमन नाण्यांत बघा. रोमन काशाची नाणी आता नाण्यांच्या प्रदर्शनांत मिळतात. चौथ्या शतकातली असतील तर आपल्या खिशालाही परवडतात. डायोक्लेशियन बादशहानं इसवी सन 294 च्या सुमारास मोठं काशाचं नाणं काढलं, वजन साधारण 10 ग्रॅम, वर चांदीचा पातळ मुलामा. पुढं कॉन्स्टंटाईन आणि त्याच्या मुलांच्या काळात, पन्नासएक वर्षांतच, ते दीड-दोन ग्रॅमवर आलं. या काळातल्या एका नाण्यावर दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये दोन निशाणं आहेत. वर लिहिलंय 'सैन्याचा गौरव'. 335 च्या सुमारास नाणं आणखी आकसलं आणि दोन निशाणांचं एकच झालं. शिपाई राहिले दोघे, गौरवाचा मजकूर राहिला तसाच! खाली कडेला बारीक अक्षरं असतात, त्यांवरून टांकसाळ कळते: अँटिऑक, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल. अशी झिजलेली नाणी तमिळनाडूत करूर, मदुराईकडं नदीच्या वाळूत पुष्कळ मिळाली आहेत.

आता तुमच्या घरच्या नाण्यांबद्दल. देवघरातलं नाणं चिंच-मीठ लावून घासू नका. त्याच्यावरची गडद हिरवी-काळसर पुटं त्याचं रक्षण करतात. ती गेली की अक्षरंही जातात. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर तो रोग समजा. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत तो झपाट्यानं वाढतो. असं नाणं वेगळं काढून कोरडं ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणी घालू नका, त्याला चिकट हिरवट पाझर सुटतो. सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या, आणि नाणं कुठल्या शिवारात, काय करताना मिळालं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. गावाचं नाव नसलेल्या नाण्याची किंमत अभ्यासकाच्या लेखी निम्म्यावर येते, मग बाजारात काहीही भाव येवो.

आणि विहीर खणताना, पाया काढताना नाण्यांची घागरच लागली, तर चौघांत वाटून मोकळे होऊ नका. कुठलं नाणं कुठल्या नाण्याबरोबर पुरलं होतं, हे एकदा पांगलं की पुन्हा जुळत नाही. तहसीलदार कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत खबर पोचवा. तसं करणं कायद्यानंही बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायलाही 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून द्यायचा विचार असेल, तर त्याचा फोटो पाठवा. नमस्कार.