वहीतलं वऱ्हाड

(नागपुरातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'चार खंडांतली साम्राज्यं'. तो मी घेणारच आहे, पण वाट वऱ्हाडातून जाते. सभागृहात वऱ्हाडातली माणसं किती? हात वर करा बरं. अरे वा, अर्धं सभागृह! म्हणजे 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण समजावून सांगायला नको.

माझे आबाजी दर्यापूरकडचे, कोरडवाहू कपाशीवाले. आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी एक रोखा होता. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात होतो. मुद्दल 200 रुपये. हाती पडले 150, कारण सवाईचे, म्हणजे शेकडा 25 व्याजाचे, 50 सावकाराने आधीच कापून घेतलेले. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, तेव्हा राहिलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. तिसऱ्या रोख्याला नऊ एकर वावर गेलं. मी चिडून आजीला विचारलं, की अगं, आबाजी भांडले का नाहीत? ती म्हणाली, "काय भांडतीन? अंगठा त्याहिचाच होता. कागदच बोलते बाप्पा, माणूस नाही बोलत." आबाजींनी त्या सावकाराला जन्मात कधी शिवी दिली नाही. वावर गेल्याचं दुःख होतंच, पण आपण देणं बुडवलं याची लाज त्याहून मोठी होती. ती लाज मला अजून सहन होत नाही. आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या लाजेबद्दल आहे.

आता हैदराबादला चला. 1800 साली निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि कंपनीच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला. हिशोब तिथे मिटायला हवा होता. पण त्याच तहात आणखी एक कलम होतं, की लढाईच्या वेळी निजामाने आपली 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ मदतीला द्यावी. लढाईच्या वेळी, हे ध्यानात ठेवा. पुढे रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला कंपनीचा वकील, हेन्री रसेल याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कायमची फौज उभी केली. तीच हैदराबाद काँटिंजंट. लढाई नसतानाही ती पोसायची निजामाने, हुकूम मात्र रेसिडेंटचा. आपल्या एलिचपुरालाही, म्हणजे आजच्या अचलपुरालाही, तिची छावणी होती. परतवाड्याच्या लोकांना 'कँप' म्हटलं की कळतं.

पगाराला पैसा कुठून आणायचा? विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी हैदराबादेत होतीच. व्याज शेकडा 24च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आमची सवाई! त्या पेढीतला एक भागीदार, विल्यम रम्बोल्ड, खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेल्या मुलीचा नवरा. पुढे चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण उघड्यावर आणलं, हे त्याच्या नावावर मांडलंच पाहिजे. पण कर्ज फिटलं कशातून? आंध्र किनाऱ्यावरच्या 'उत्तर सरकार' प्रांताबद्दल कंपनी निजामाला वर्षाला 7 लाखांची पेशकश, म्हणजे ठरलेली रक्कम, देत होती. 1823 साली एकरकमी पैसे देऊन ती कायमची बंद केली आणि त्या पैशातून पेढीचं देणं भागवलं. घरचं उत्पन्न विकून सावकार मिटवला, आणि ज्या फौजेपायी तो दारात आला ती तशीच राहिली. मग कंपनी स्वतःच सावकार झाली.

21 मे 1853. डलहौसीने फौजेच्या खर्चाची थकबाकी पुढे ठेवली आणि वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. तुमच्याआमच्या भाषेत ताबेगहाण. सात महिन्यांच्या आत, 11 डिसेंबरला, इथे नागपुरात तिसरे रघुजी भोसले पुत्र नसताना वारले आणि 1854 मध्ये हेही राज्य खालसा झालं. आपण शाळेत फक्त दुसरी गोष्ट शिकतो. मला दोन्ही एकाच वहीतल्या नोंदी वाटतात. एकीकडे देणं थकलं, दुसरीकडे वारस नाही, आणि देणं किती नि वारस कोण हे ठरवणारा एकच.

1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. त्याचं बक्षीस 1860च्या तहात आलं. सुमारे 50 लाखांचं कर्ज माफ, रायचूर आणि धाराशिव परत. मग वऱ्हाड? ते नाही. कर्ज फिटलं तरी गहाण सुटलं नाही! आणि त्याच तहात निजामाकडून लिहून घेतलं, की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब यापुढे मागायचा नाही. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाडसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, 1876 मध्ये विलायतेलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड आपल्या मध्य प्रांताला जोडलं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. चार खंड दहा मिनिटांत घ्यायचे, तर मी पळतो, तुम्ही सांभाळून घ्या.

हैती. गुलामांनी लढून 1804 साली स्वातंत्र्य मिळवलं. 1825 मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने लढाऊ जहाजं पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले, जुन्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून. मळेवाल्यांच्या मालमत्तेत ही माणसंही होती, म्हणजे सुटलेल्याने स्वतःचीच किंमत भरायची. पहिला हप्ता भरायला कर्ज काढलं तेही पॅरिसमध्येच. 1838 मध्ये रक्कम कमी केली, पण या कर्जांची शेपटी विसाव्या शतकापर्यंत पोचली.

इजिप्त. तिथेही अमेरिकेच्या युद्धात कापूस चढला, मग पडला, आणि तिथला राज्यकर्ता, खेदिव इस्माईल, कर्जात रुतला. 1875 मध्ये त्याचे सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनने 40 लाख पौंडांना घेतले, 1876 मध्ये युरोपीय सावकारांचं कर्जमंडळ त्याच्या तिजोरीवर बसलं, आणि 1882 मध्ये फौज उतरली. त्या फौजेत हिंदी शिपाईही होते. ट्युनिसमध्ये 1869 ला कर्ज आयोग, 1881 ला फ्रेंच संरक्षण. क्रम तोच, म्हणून तपशील सोडतो.

इंडोनेशिया. 1949 मध्ये हेगच्या परिषदेत स्वातंत्र्य मिळालं, सोबत डच वसाहत सरकारचं 4.3 अब्ज गिल्डरांचं कर्जही डोक्यावर आलं. 1956 मध्ये त्यांनी ते नाकारलं. जगाने त्यांना बुडवे म्हटलं असेल, मला मात्र ती बातमी वाचताना आबाजी आठवले.

आणि आपण. 1858 मध्ये कंपनीचं राज्य राणीकडे गेलं तेव्हा कंपनीचं कर्ज हिंदुस्थानच्या महसुलावर टाकलं. भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांशही 1874पर्यंत इथूनच जात राहिला. आपल्याला जिंकणाऱ्या कंपनीची किंमत आपणच भरली. दादाभाईंनी आयुष्य घालवून हेच आकडे मांडले.

वेळ संपली. एक विनंती करतो. ज्यांनी मघाशी हात वर केले, त्यांच्यापैकी कुणाच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर असे रोखे, गहाणखतं, पावत्या असतील, तर फेकू नका. मोडी असेल तरी चालेल, मी वाचून देईन. मी दारापाशीच थांबलोय.