रोजचं एक पान

नमस्कार श्रोतेहो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी दिल्या असतील, निदान घरातल्या मुलांना द्यायला लावल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, शिवाय भूमिती आणि अक्षरलेखन. ग्रेड मिळाली, दहावीचे वाढीव गुण पदरात पडले, की रंगांची पेटी माळ्यावर जाते आणि तिथेच राहते. का, असं विचारलं तर एकच उत्तर ऐकू येतं, ‘आमचा हात काही तसा नाही.’

हे मला पटत नाही. हात तसा नसतो, हात तसा होतो. आणि तो होतो रोज काढल्याने. थोडं काढा, पण रोज काढा. आज मला एवढंच सांगायचंय, आणि त्यासाठी एक गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट आहे 1880 सालची. बेल्जियममध्ये बोरिनाज नावाचा भाग आहे, सगळा दगडी कोळशाच्या खाणींचा. तिथे एक 27 वर्षांचा डच तरुण राहत होता. नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. आज जगभर माहीत असलेलं हे नाव तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आधी तो चित्रं विकणाऱ्या एका मोठ्या पेढीत नोकरीला होता, ती नोकरी गेली. मग धर्मोपदेशक म्हणून तो खाणकामगारांमध्ये आला. त्यांची गरिबी बघून अंगावरचे चांगले कपडेसुद्धा त्याने वाटून टाकले. पण 1879 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, आणि घरच्यांना त्याची काळजी लागलेली.

अशा अवस्थेत तो फ्रान्समधल्या कुरिएर या गावाकडे निघाला. तिथे ज्यूल ब्रेताँ नावाचे नामवंत चित्रकार राहत असत. खिशात दहाएक फ्रँक होते, ते लवकरच संपले. मग पायपीट. रात्री उघड्यावर काढायच्या, कधी गवताच्या गंजीत. पिशवीत स्वतःची काही चित्रं होती, ती देऊन वाटेत भाकरीचे तुकडे मिळवले. एवढं करून तो त्या चित्रकाराच्या दारापर्यंत पोचला, आणि आत गेलाच नाही! नवी कोरी विटांची चित्रशाळा बाहेरून पाहिली, तिचा परकेपणा अंगावर आला, दार वाजवायचा धीर झाला नाही. आला तसा परत फिरला.

आता इथे नीट ऐका. या फेरीबद्दल त्याने नंतर आपल्या धाकट्या भावाला, थिओला, पत्रातून कळवलं. नेमक्या त्या हलाखीतच त्याच्या अंगात बळ परत आलं आणि त्याने ठरवलं, निराशेने खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा उचलायची.

आणि पेन्सिल उचलून त्याने काय केलं? मोठमोठे कॅनव्हास रंगवायला घेतले का? नाही. शार्ल बार्ग यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले धडे त्याने उसने मागवले. त्यात कोळशाच्या कांडीने गिरवायच्या मानवाकृती होत्या, 60 पानं. सत्तावीस वर्षांचा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती पानं गिरवत बसला. जागा कुठली, तर एका खाणकामगाराच्या घरातली लहानशी खोली. तीत दोन खाटा, एक त्या घरातल्या मुलांची आणि एक याची. उजेडही बेताचा. तिथे त्याने साठच्या साठ पानं काढली, आणि पुढे तीच पुन्हा काढली. मिले या चित्रकाराचा बी पेरणारा शेतकरी त्याने छापील चित्रावरून कितीदा तरी काढला. 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्ल या गावी त्याने स्वतःचा पेरणारा शेतकरी रंगवला, मागे पिवळाधमक सूर्य आणि पुढे निळं-जांभळं ढेकळांचं रान. या शेतकऱ्याच्या चालीत त्या गिरवण्याची मेहनत मला स्पष्ट दिसते.

गोष्ट अजून संपलेली नाही. 1890 चा जून. सूर्यफुलं रंगवून झालेली, ‘तारांकित रात्र’ रंगवून झालेली. आणि हा थिओला लिहितो, बार्गचे ते कोळशाचे धडे मला पाठव, मला ते पुन्हा काढायचे आहेत. प्रमाणबद्धतेचा अभ्यास सुटला तर पुढे अडेल, ही त्याची काळजी. जुलैच्या अखेरीस तो गेला. अवघ्या दहा वर्षांची कारकीर्द, आणि मागे हजारावर रेखाचित्रं. ही गोष्ट मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो, आणि दर वेळी माझा ऊर भरून येतो.

आता थोडं आपल्याविषयी. रोज वीस मिनिटं काढा. टेबलावर मातीचा माठ ठेवा, किंवा कांदा, किंवा चप्पल. स्टीलचा तांब्या सुरुवातीला नको, त्यातली प्रतिबिंबं गोंधळात टाकतात. उजेड एकाच बाजूने येऊ द्या. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने उंची आणि रुंदी ताडून बघा. मग डोळे किलकिले करा, म्हणजे बारकावे मावळतात आणि गडद कुठे, फिकट कुठे, ते उरतं. आणि बघायचं वस्तूकडे जास्त, कागदाकडे कमी. पुन्हा सांगतो, वस्तूकडे जास्त, कागदाकडे कमी.

पहिल्या रेघा हलक्या हाताने मारा. खोडरबर कपाटात ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्या, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढता येते. खोडून टाकली तर कुठे चुकलं ते कसं कळणार? कोपऱ्यात तारीख घाला, आणि आठवड्याने तोच माठ पुन्हा काढा.

हाताच्या सवयीवरून आठवलं. पहाटे सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांचा हात बघा. चिमटीतून सुटणारी रेघ कुठे जाड होत नाही, कुठे तुटत नाही. आता बाजारात रांगोळीचे छापे मिळतात. चाळणीसारखा छापा टेकवला, पूड पसरली, झालं काम. मला ते छापे मुळीच आवडत नाहीत. घरोघरी फुकट चालणारी चित्रकलेची एवढी मोठी शाळा आपण आपल्या हाताने बंद करतो आहोत, याचं मला फार वाईट वाटतं. आणि शाळांतला चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल तर एक वेगळंच भाषण करावं लागेल.

असो. रंगांचं एकच सांगतो. जलरंगात आधी फिकट, मग गडद. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. पण रंगांची घाई करू नका. महिनाभर नुसती पेन्सिल, मध्यम एचबी आणि मऊ, गडद फोरबी, आणि साधी कोरी वही पुरे. पुढच्या भेटीत आपण जलरंगांकडे वळू. त्यासाठी जाड कागद आणि एक गोल ब्रश आणून ठेवा. तोवर माठ काढत राहा, रोज एक पान.

नमस्कार.