तळहातांचा घाम आणि विजेचा धक्का

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात जळगावात घाम कोणाला येत नाही? पण माझ्याकडे आलेल्या एका सोनार कारागिराचे तळहात पौषातही ठिबकायचे. चिमटा निसटायचा, बारीक मणी बोटांना चिकटून यायचे. "ताई, मी लांबूनच रामराम करतो, हात मिळवतच नाही," म्हणाला.

त्याची अंगठी आधी काढायला लावली (सोनाराला हे सांगणं सोपं नाही!), बोटावरच्या चिरेला व्हॅसलीन लावलं आणि दोन्ही हात नळाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवले. पाण्यातून विजेचा अगदी हलका प्रवाह सोडला, पंधरा मिलिअँपिअर, वीस मिनिटं. "मुंग्या चावी राहिन्यात," एवढीच तक्रार. आठवड्यातून तीनदा, असे चार आठवडे बसला आणि हात कोरडे पडले. मात्र अधूनमधून पुन्हा बसावं लागतं, नाहीतर घाम परत येतो.

या उपचाराला आयन्टोफोरेसिस म्हणतात. ट्रेमध्ये नुसतं पाणी होतं, पण याच पद्धतीनं औषधही कातडीतून आत ढकलता येतं. एरवी ते अवघड. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांच्यामध्ये चरबीचं लिंपण, आपल्या धाब्याच्या घराच्या भिंतीसारखं. जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग, तरी 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू सहसा आत जात नाही. इन्सुलिन तर 5,800 च्या घरात!

वीज इथे रेटा देते. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा भार धन, म्हणून ते धन ध्रुवाखाली ठेवायचं. सारखे भार एकमेकांना ढकलतात. ध्रुव चुकला की औषध पॅडमध्येच बसून राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ स्तेफान लेद्युक यांनी हे दोन सशांवर दाखवलं. एकाच्या धन ध्रुवाखाली स्ट्रिक्निन हे विष, दुसऱ्याच्या ऋण ध्रुवाखाली सायनाइड; दोन्ही ससे मेले. ध्रुव उलटे केले तेव्हा सशांना काहीच झालं नाही. प्रयोग क्रूर, पण शंकेला जागा उरली नाही.

मोठ्या रेणूंसाठी इलेक्ट्रोपोरेशन आहे. त्यात क्षणभराच्या जोरदार झटक्यांनी त्या लिंपणात तात्पुरती भोकं पडतात.

आता घरी कोणी वायरी पाण्यात सोडू नका. भिंतीतली वीज 230 व्होल्टची, ती जीव घेईल. अमेरिकेत तर अर्धशिशीवरची विजेची पट्टी 2016 साली भाजल्याच्या तक्रारींमुळे बाजारातून काढावी लागली. पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधीच सांगा.

आमच्या कारागिराची पुढची पाळी मंगळवारी. आता तो अंगठी दुकानातच काढून येतो.