साठी बुद्धी नाठी? मग न्यूटनचं काय करायचं!

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय अकलेवर, म्हणजे ती कधी येते, कुठवर वाढते आणि तिच्या जोडीनं मूर्खपणा कसा वाढत जातो. हो हो, वाढत जातो. आपल्याला वाटतं वय वाढलं की मूर्खपणा दुधाच्या दातांसारखा आपोआप पडून जातो. तसं काही नसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

घरात चार-पाच वर्षांचं पोर असेल तर एक गंमत करून बघा. दोन सारख्या ग्लासांत सारखंच सरबत ओता, पोराकडूनच कबूल करून घ्या की सारखं आहे, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं उंच, अरुंद ग्लासात ओता. आता जास्त कुठं? पोर छातीठोकपणे उंच ग्लासाकडं बोट दाखवणार आणि तोच हवा म्हणून भोकाड पसरणार. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी असल्याच प्रयोगांतून दाखवलं की साधारण सहा-सात वर्षांचं झालं की पोराला हे उमगायला लागतं, त्याआधी घसा कोरडा करून समजावलंत तरी फारसा उपयोग नाही. म्हणून ते पाच वर्षांच्या लेकराला कोडिंगच्या क्लासला घालतात ना, वर फी पण भरतात, त्या आईबापांपुढं मी हात जोडतो. मातीत खेळू द्या हो त्याला! असो.

तर मोठेपणी काय होतं? रेमंड कॅटेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी बुद्धीचे दोन भाग पाडले. एक चपळ बुद्धी, नवं कोडं समोर आलं की पटकन सोडवणारी. दुसरी साठवलेली, म्हणजे शब्द, माहिती, अनुभवातून आलेली समज. चपळ बुद्धी तरुणपणीच जोरात असते, मग हळूहळू उतरते. साठवलेली मात्र वाढत राहते. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो लोकांच्या चाचण्या तपासल्या, तर शब्दांच्या चाचणीत साठी-सत्तरीची मंडळी पुढं निघाली. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी एकदा आजीबरोबर पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसावं, म्हणजे कळेल. परत सांगतो, चपळ उतरते, साठवलेली वाढते. एवढं ध्यानात ठेवा, कारण आता किस्सा येतोय, आणि हा किस्सा सांगायला लागलो की आमच्या घरचे उठून आत जातात, तुम्ही मात्र बसा.

न्यूटन. सफरचंदाचं सोडा, ते शाळेत झालंय. 1665 साली इंग्लंडात प्लेग आला, केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं आणि हा बावीस-तेवीस वर्षांचा गडी गावी घरी जाऊन बसला. आणि बसल्या बसल्या काय केलं, तर कॅल्क्युलसचा पाया घातला आणि गुरुत्वाकर्षणाचा विचार सुरू केला. आपण लॉकडाउनमध्ये डालगोना कॉफी फेटली. तर न्यूटनची ही झाली चपळ बुद्धी.

मग 1696 साली त्याला लंडनच्या टांकसाळीवर नेमलं. लोकांना वाटलं, आरामाची सरकारी नोकरी, म्हातारा सही करील आणि पगार घेईल. कसलं काय! हा खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागं हात धुऊन लागला, साक्षीदारांचे जबाब स्वतः घेतले, विल्यम चालोनर नावाचा एक बिलंदर तर असा पकडून दिला की 1699 साली तो फासावर गेला. म्हणजे लबाड माणूस किती गोड बोलतो, पैशाच्या नावाखाली काय काय खपवतात, हे याच्याइतकं लंडनात कोणाला ठाऊक असणार? ही साठवलेली बुद्धी. म्हणजे दोन्ही बुद्धी खिशांत भरलेल्या.

आणि आलं 1720. न्यूटनचं वय 77. साउथ सी नावाची कंपनी होती, नावाला दक्षिण अमेरिकेशी व्यापार, खरा उद्योग सरकारचं कर्ज शेअरमध्ये फिरवायचा. जानेवारीत शेअर 130 पौंडांच्या आत होता, तो चढायला लागला. न्यूटनकडं शेअर आधीपासून होते. भाव चढलेला बघून त्यानं वसंतात बऱ्यापैकी विकून टाकले, चांगल्या नफ्यात. लक्षात घ्या, विकले! नफ्यात! हिशोब बरोबर, वेळ बरोबर. इथं थांबला असता तर आज मी दुसरा कोणाचा तरी किस्सा सांगत असतो.

पण भाव चढतच राहिला. क्लबात, कॉफीहाऊसमध्ये जो तो आपली कमाई सांगतोय आणि हा नफा घेऊन घरी बसलेला. जूनमध्ये गडी परत बाजारात उतरला, विकले त्याच्या जवळपास दुप्पट भावात! आणि थोडेथोडके नाहीत हां, होतं नव्हतं त्यातलं बरंचसं लावलं. उन्हाळ्यात भाव हजाराच्या घरात गेला आणि सप्टेंबरमध्ये धाडकन आपटला, वर्ष संपता संपता पुन्हा जानेवारीच्या जागी. नातेवाइकांनी पुढं सांगितलेला तोट्याचा आकडा 20 हजार पौंड, त्या काळातले. म्हणतात की नंतर साउथ सी हे नाव त्याच्यापुढं काढायची सोय नव्हती. तरी भिकेला वगैरे लागला नाही, 1727 साली गेला तेव्हा बऱ्यापैकी श्रीमंतच होता, हे पण सांगायला हवं, नाहीतर किस्सा रंगवायच्या नादात माणसाला उगाच रस्त्यावर आणतात.

आता सांगा, कोणती बुद्धी कमी पडली? एकही नाही. शेजारी जास्त कमावतोय, हे बघवलं नाही, बस्स. आणि हुशार माणसाचं पंचाईतीचं काम असं की त्याला आपल्या मूर्खपणासाठी कारणं पण हुशार सापडतात. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, तरी पढतमूर्खासाठी त्यांना वेगळा समास लिहावा लागला, तो उगाच नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे भाव पुढं कुठं जाईल यावरच्या सौद्यांत, उतरलेल्या शंभरातल्या 93 साध्या गुंतवणूकदारांना तोटा झाला. यातले कितीतरी चांगले शिकलेले असणार, मोबाईलवर चार्ट काढणारे. एखाद्या इंजिनिअरला हे सांगून बघा, तो तुम्हाला ग्राफ दाखवून पटवून देईल की तो उरलेल्या सातांतला आहे.

सोळा-सतराव्या वर्षाच्या अकलेवर आज बोलायचं होतं, ते न्यूटननं खाल्लं. पुढच्या गुरुवारी याच वेळेला तेच घेऊ. ज्यांच्या घरी दहावी-बारावीचं कोणी आहे त्यांनी जरूर ऐका, आणि रेडिओचा आवाज जरा मोठा ठेवा, म्हणजे आतल्या खोलीत पण जाईल. नमस्कार.