कारणाच्या रकान्यात

अध्यक्षांनी माझी ओळख 'कॉर्पोरेट क्षेत्रातले' अशी करून दिली. मंडळी, मी लोट्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं काढली. पूर्वी त्याला 'कंपनीत आहे' म्हणायचे आणि तेवढ्यावर स्थळं यायची. आता तेच कॉर्पोरेट झालंय. वास तोच आहे.

विषय आहे ऑफिसातलं राजकारण आणि प्रामाणिकपणा. त्यातलं राजकारण मी चिपळूणकरांना काय शिकवणार? चार घरांची वाडी, त्यात पाच गट, आणि गणपतीत सहावा! तर तीन मुद्दे मांडायचे आहेत. पण आधी एक हकिगत सांगतो.

मी लॅबमध्ये होतो, औषधाच्या कारखान्यात. नाइट शिफ्ट. पावडर नीट सुकली का ते बघायचं होतं. ती तोलायची, ओव्हनमध्ये ठेवायची, पुन्हा तोलायची. वजन घटलं तेवढा ओलावा. मर्यादा अर्ध्या टक्क्याची, आणि आला ०.७. पहाटे तीनला प्लान्टचे साहेब वर आले, हातात वडापाव. माझ्यासाठी! साहेब वडापाव घेऊन आले की कुठेतरी सही करायची असते, हे तरुणांनी लिहून ठेवावं. गेटवर न्हावाशेव्याला जायचा कंटेनर उभा होता.

साहेब 'खोटं लिही' म्हणाले नाहीत. तसं कुणीच म्हणत नाही. 'ओव्हन जुना झालाय रे.' 'जरा बघून घे.' आणि मग, 'तू आपलाच ना?' त्या 'आपलाच'नं घात केला. आपल्याकडे एवढं म्हटलं की माणूस विरघळतो. मी ०.४ लिहिलं. काट्याची छापील चिठ्ठी खिशात कोंबली. वडापाव खाल्ला. गार होता.

साडेपाचला टपरीवर पैसे द्यायला खिशात हात घातला तर नोटेबरोबर चिठ्ठी बाहेर आली. चहा तसाच ठेवून परत गेलो.

आमच्या रजिस्टरचा नियम असा की आकडा चुकला तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. एकच आडवी रेघ मारायची, आणि खोडलेलं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरा आकडा, सही, तारीख, कारण. मी ०.४ वर रेघ मारली, ०.७ लिहिलं, चिठ्ठी चिकटवली. कारणाशी येऊन अडलो. त्या वेळी इंग्रजी काही सुचेना. मराठीत लिहिलं: घाबरलो.

माल पुन्हा ड्रायरमध्ये गेला, चार तास. आपल्या हायवेवर त्या कंटेनरचे याहून जास्त गेले असते, पण हायवेला रजिस्टर नाही. साहेब तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. इन्क्रिमेंटच्या वेळी मात्र बोलले.

खरी गंमत पुढे आहे. सहा महिन्यांनी परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला आणि त्याचं बोट नेमकं त्या रकान्यावर थांबलं. हे काय लिहिलंय? साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, 'लेखनदोष.' ऑडिटरनं मान डोलावली. मी? मी गप्प. म्हणजे तुमच्यासमोर जो प्रामाणिक माणूस उभा आहे, तो एका पहाटेपुरताच होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मुद्दे तर राहिलेच!

पहिला, भिंतीवरच्या पाट्यांना भुलू नका. आपल्या अंजनवेलला वीज प्रकल्प घेऊन अमेरिकेची एन्रॉन कंपनी आली होती. ती कंपनी जी चार मूल्यं मिरवायची, त्यांत सचोटी होती. ऑगस्ट २००१ मध्ये त्या कंपनीतल्याच शेरॉन वॉटकिन्स बाईंनी हिशेबातल्या गफलतीबद्दल वरच्यांना पत्र लिहिलं, तेही आधी निनावी. उपाध्यक्षपदावरच्या बाईला नाव घालायची भीती! डिसेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं.

दुसरा मुद्दा एकट्यानं लढायचा. महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे, त्यांनी महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाले. पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात लूटमार निघाली, पण नाव फिरलं ते फिरलंच. म्हणून मी पोरांना नुसतं 'लढ' म्हणत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारातल्या कंपन्यांना तक्रारीची वाट ठेवावी लागते, गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत. ती वाट रुजू झाल्याच्या आठवड्यात बघून ठेवा. गळ्याशी आल्यावर सापडत नाही.

तिसरा घाईत सांगतो. कामाची नोंद ठेवा, माणसांची नको. मी बावीस वर्षं एक फाइल जपली होती, कोण मला कधी काय बोललं त्याची. सगळ्यात जाड भाग साहेबांचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली. लोकांची कपाटं गेली, फ्रिज गेले, माझी ती फाइल गेली. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला साहेब आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात वडापाव. मी सवयीनं विचारलं, 'सही कुठे करायची?'