एकदाच खणा

मघाशी ओळख करून देताना म्हणाले की हे जुन्या इमारती वाचवतात. वाचवणं वगैरे फार मोठा शब्द झाला, माझा निम्मा वेळ कुठल्या ना कुठल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहण्यात जातो. आणि आजचा विषय, म्हणजे शहराच्या मध्यवस्तीतलं जुनं सर्व्हिस स्टेशन, पेट्रोल पंप आणि गॅरेज मिळून, नीट करायचं आणि तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग आणायचं, यात तर खड्डाच सगळं ठरवतो. लोक माझ्याकडे येतात ते छताचे फोटो घेऊन, रंगाचे नमुने घेऊन, चार्जर कुठला घेऊ विचारत. मी विचारतो, जमिनीखाली काय आहे? मग सगळे एकमेकांकडे बघतात.

आधी थोडं मागे जाऊ, फार नाही. पेट्रोल विकायला वेगळी इमारत लागते हे सुरुवातीला कुणाच्या डोक्यातच नव्हतं. १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन, त्याला न सांगता, दोन्ही मुलग्यांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, जे तेव्हा कपड्यावरचे डाग काढायला विकायचे. म्हणजे पहिला पेट्रोल पंप कुठला म्हणाल तर केमिस्ट. पुढे कितीतरी वर्षं किराणा दुकानातून, लोहाराकडून, डब्यातून ओतून असंच चाललं होतं. मग अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये गल्फ या तेल कंपनीने १ डिसेंबर १९१३ ला बॉम बुलेव्हार्डवर खास याच कामासाठी बांधलेला पंप उघडला. गाडी रस्त्यावरून आत घ्यायची, छताखाली उभी करायची, हवा आणि पाणी फुकट. पहिल्या दिवशी ३० गॅलन खपलं. म्हणजे जवळपास ११४ लिटर, आजच्या दोन-तीन गाड्यांच्या टाक्या! तरी तो आकार जो बसला तो बसलाच: छोटी खोली, पुढे छत, आणि छताखाली मोकळी जागा.

ती मोकळी जागा लक्षात ठेवा. जुन्या पंपाचं जतन म्हणजे त्या छोट्या खोलीचं जतन असं धरून चालतात आणि पुढच्या अंगणात वाट्टेल ते उभं करतात. अहो, अंगण म्हणजेच निम्मी इमारत आहे. डेन्मार्कमध्ये स्कोव्हशोव्हेडला आर्ने याकोब्सेन या वास्तुरचनाकाराचा १९३० च्या दशकातला पंप आहे, एका खांबावर लंबगोल काँक्रीटचं छत, अळंबीसारखं. त्या छताभोवती रिकामी हवा आहे म्हणून ते छत दिसतं. तिथे चार्जरची सहा कपाटं आणून ठेवा आणि बघा काय उरतं.

आता खाली उतरू.

जुन्या पंपाखाली लोखंडी टाक्या असतात. बऱ्याचदा साध्या, वरून काही लेप नसलेल्या, आणि लोखंड ओल्या मातीत पडलं की ते गंजणारच, त्यात नवीन काही नाही. अमेरिकेत तर या टाक्या सुधारा, बदला नाहीतर बंद करा अशी शेवटची मुदत २२ डिसेंबर १९९८ ही होती, आणि त्या मुदतीच्या आसपास मध्यवस्तीतल्या कितीतरी लहान पंपांनी शटर ओढलं, कारण टाकी बदलायचा खर्च धंद्यापेक्षा जास्त. म्हणून आज आपल्याला जे रिकामे सुंदर पंप सापडतात ना, ते सुंदर होते म्हणून टिकले असं नाही, पाडायला गेलं तर खालची माती साफ करावी लागेल या भीतीनेही टिकलेत.

मातीत काय काय असतं? पेट्रोलमधलं बेन्झीन असतं. शिशाचं पेट्रोल विकलं जायचं त्या काळातलं शिसं. गाड्या दुरुस्त करायच्या बेमध्ये जळक्या ऑइलची वेगळी टाकी असते, ती कागदावर बहुतेक वेळा नसतेच. गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट जमिनीत गाडलेली, तिचं तेल झिरपलेलं, आणि फार जुन्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं निघू शकतात. वर ब्रेक लायनिंगची ॲस्बेस्टॉसची धूळ. हे ऐकून घाबरायचं कारण नाही पण तपासणी न करता बेच्या जागी काचेचा दरवाजा लावून लोकांना आत बसवायचं, हे मात्र करू नका. मातीतली वाफ फरशीतून वर येते. तिला अडवायला फरशीखाली पडदा टाकावा लागतो आणि तो पडदा टाकायची वेळ एकदाच येते, फरशी उघडी असते तेव्हा.

माझीच एक गोष्ट सांगतो, दोष पूर्ण माझा. एका जागेवर नकाशात तीन टाक्या होत्या, आम्ही तिन्ही काढल्या, माती बदलली, खड्डा बुजवला, दाबून घेतला, सगळे खूश. मग चार महिन्यांनी चार्जरच्या केबलसाठी पाईप टाकायला चर खणायला घेतला तर जेसीबीच्या बकेटखाली ठण्ण आवाज आला. असा आवाज दगडाचा नसतो, पोकळ असतो. खाली उतरलो, हाताने माती बाजूला केली, डांबराच्या दोन थरांखाली पितळेचं एक गोल झाकण, तळहाताएवढं, वरची अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली. चौथी टाकी. कुणीतरी पूर्वी वाळू भरून सोडून दिलेली, आणि एका कडेने गळलेली. वास इतक्या वर्षांनीही आला. पुन्हा मातीचे नमुने, पुन्हा परवानगी, नुकतंच केलेलं काँक्रीट फोडलं. जमिनीखालचं दाखवणारं रडार फिरवून आधी बघितलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं, मी ते पैसे वाचवले होते.

तेव्हापासून माझा एकच हट्ट असतो, टाक्या काढायचा खड्डा आणि विजेच्या केबलचा चर हे एकच काम धरायचं. एकच ठेकेदार म्हणत नाही मी, एकच नकाशा. खड्डा उघडा आहे तोवर पाईप टाका, आणि आज चार चार्जर बसवणार असाल तर आठचे पाईप टाका, चार रिकामे राहू देत. रिकाम्या पाईपला काय लागतं? फरशी परत फोडायला मात्र खूप लागतं.

आता वीज. यात लोकांचा अंदाज कायम चुकतो, आणि का चुकतो ते मजेशीर आहे. पेट्रोलची नोजल मिनिटाला साधारण ३५ लिटर सोडते. लिटरमागे ऊर्जा साधारण ९ युनिट. म्हणजे मिनिटाला तीनशेच्या वर युनिट तुमच्या हातातल्या रबरी नळीतून गाडीत जातात, तासाच्या भाषेत १८-१९ मेगावॉट. एका हाताने, दुसऱ्या हातात मोबाइल! त्यातली बरीचशी इंजिन उष्णता म्हणून फुकट घालवतं हे खरं, तरीसुद्धा गाडीला लावायच्या केबलमधून तेवढं आणणं आज तरी शक्य नाही. १५० किलोवॉटचा चार्जर हा आपल्याला राक्षस वाटतो, पण नोजलपुढे तो शंभरावा हिस्साही नाही. असे चार लावले की ६०० किलोवॉट. जुन्या पंपाचं कनेक्शन कशासाठी होतं, दिवे, कंप्रेसर, लिफ्ट. त्यामुळे स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आला, आणि तो मिळायला इमारतीच्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. अर्ज पहिल्या दिवशी टाका, रंगाची चर्चा नंतर करू.

पण मला विचाराल तर मध्यवस्तीत सगळेच चार्जर दांडगे कशाला? ६० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० पर्यंत न्यायची म्हणजे ३६ युनिट. ५० किलोवॉटवर पाऊण तास, ७ किलोवॉटवर पाच तास. हायवेवर माणूस घाईत असतो, तिथे दीडशे-साडेतीनशे पाहिजेच. मध्यवस्तीत त्याला बँकेत जायचंय, कुणाला भेटायचंय, कामावर बसायचंय. दोन वेगवान, बाकी हळू, आणि लोड आपापसात वाटून घेणारी सिस्टिम, एवढ्यात बऱ्याच जागांचं भागतं. वेगवान चार्जरचे पंखे आवाजही करतात, वरच्या मजल्यावर कुणी झोपतंय याचा विचार करा.

चार्जर ठेवायचा कुठे, यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. पहिला विचार सगळ्यांचा तोच, जुन्या पंपाच्या ओट्यावर, जिथे मशिन होतं तिथेच. दिसायला छान. पण पेट्रोलच्या गाडीचं झाकण मागच्या बाजूला, डावीकडे नाहीतर उजवीकडे, एवढंच बघायचं असतं. इलेक्ट्रिक गाडीचं कुणाचं मागे डावीकडे, कुणाचं पुढच्या चाकावर, कुणाचं थेट नाकावर, आणि जाड केबल लांब ओढता येत नाही. त्यामुळे ओट्याला समांतर उभी राहिलेली गाडी पुढची वाट अडवून अर्धा तास बसते. पेट्रोलची गाडी चार मिनिटांत हलायची म्हणून ती रचना चालत होती. मी शक्यतो चार्जर मागच्या किंवा बाजूच्या भिंतीकडे नेतो, गाडी नाकाने किंवा पाठीने आत लावायची, ओटा आणि छत मोकळं. टेक्सासमधल्या शॅमरॉकला रूट ६६ या जुन्या हायवेवर १९३६ चं यू-ड्रॉप इन नावाचं सर्व्हिस स्टेशन आहे, उंच मनोरा असलेलं, आर्ट डेको या त्या काळच्या शैलीतलं काम, तिथल्या आवारात टेस्लाचे वेगवान सुपरचार्जर आहेत आणि मनोरा होता तसाच आहे.

पेट्रोलही चालू ठेवणार असाल तर अजून एक गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, म्हणून अमेरिकन इलेक्ट्रिकल कोडमध्ये मशिनपासून साधारण ६ मीटरपर्यंत जमिनीलगतचा अर्धा-एक फूट नव्हे, चांगला दीड फुटाचा थर धोक्याचा धरतात. तिथे साधं विजेचं सामान चालत नाही. लहान प्लॉटवर ६ मीटर म्हणजे संपलाच प्लॉट. मेरिलँडच्या टकोमा पार्कमध्ये एका पंपाने २०१९ मध्ये पेट्रोल पूर्ण बंद करून फक्त चार्जिंग ठेवलं. लंडनला फुलममध्ये शेलने २०२२ मध्ये पंपाच्या जागी नऊ चार्जर लावले, १७५ किलोवॉटचे, वर लाकडी छत आणि सोलर. ती जागा चांगली झालीये पण तिथे जुनी इमारत जपायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे ते उदाहरण घेऊन माझ्याशी वाद घालू नका.

आपल्या विषयाला जवळचं उदाहरण कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं. नन्स आयलंडवर मीस व्हॅन डर रोहे या वास्तुरचनाकाराचा १९६९ चा पंप होता, २००८ ला बंद पडला, २०११ ला त्याचं समाज केंद्र झालं. लांब काळं छत तसंच ठेवलं. आणि पेट्रोलच्या मशिनच्या जागी धातूचे खांब आले, ते हवा आत-बाहेर नेणारे, खालच्या भू-औष्णिक यंत्रणेला जोडलेले. नवं आहे हे कळतं, जुन्याची नक्कल नाही, आणि उद्या काढलं तर मूळ छताला खरचटणारही नाही. जतनाच्या नियमांत हेच लिहिलेलं असतं, की नवी भर ओळखू यावी आणि काढता यावी. चार्जरच्या बाबतीत तर हे शंभर टक्के, कारण दहा-पंधरा वर्षांत तो बदलणारच, प्लगसुद्धा बदलतात. ज्याचं आयुष्य पंधरा वर्षं त्याच्यासाठी नव्वद वर्षांच्या भिंतीला भोक पाडायचं नाही.

भिंतीवरून आठवलं. १९३० नंतरच्या पंपांवर पांढरेशुभ्र पत्रे दिसतात, टेक्सको या तेल कंपनीसाठी वॉल्टर डॉर्विन टीग यांनी केलेलं डिझाइन प्रसिद्ध आहे, पांढऱ्यावर तीन हिरव्या रेघा. ते पत्रे रंगवलेले नसतात. लोखंडावर काच वितळवून बसवलेली असते, आठशे अंशांच्या आसपास भाजून. बोटाच्या पेराने टकटक केली की चिनी मातीच्या बशीसारखा आवाज येतो, आणि टवका उडालेला असेल तिथे वाटीच्या आकाराचा खळगा, मध्ये काळं-तांबूस लोखंड. या पत्र्यांवर सँडब्लास्ट मारणाऱ्या माणसाला साइटवरून घरी पाठवा. चकाकी एकदा गेली की गेली. सौम्य साबण, पाणी, मऊ फडकं, आणि टवक्यांत गंज काढून इपॉक्सी भरायचं. नवीन बोर्ड, केबल, कॅमेरा काहीही लावायचं असेल तर स्क्रू पत्र्यात मारायचा नाही, दोन पत्र्यांच्या सांध्यात मारायचा. पत्र्याला भोक पाडलं की काच तिथून तडकत जाते.

आणि माणूस बसणार कुठे? पूर्वी गाडी बेमध्ये लिफ्टवर चढलेली आणि मालक शेजारच्या खोलीत बाकावर, ऑइल बदलेपर्यंत. म्हणजे वाट बघायची जागा या इमारतीत आधीपासून आहे! पुढे सेल्फ सर्व्हिस आलं आणि ती खोली दुकान झाली. चार्जिंगने तो अर्धा तास परत आणलाय. बाक त्याच भिंतीला लावा, खिडकीतून आपली गाडी दिसली पाहिजे, स्वच्छतागृहाची चावी मागावी लागू नये. एका ठिकाणी आम्ही बेच्या फरशीतली लिफ्टची गोल लोखंडी चकती तेल काढून, भरून, तशीच ठेवली, आता मुलं तिच्यावर उभी राहून उचलायला सांगतात.

मागून एकांनी चिठ्ठी पाठवलीये, जुन्या पंपाच्या मशिनच्या खोक्यात चार्जर बसवला तर? नका करू. चार्जरला आतून गार हवा लागते, दार उघडून दुरुस्ती लागते, आणि त्या खोक्याला ना चार्जर धड बसतो ना जुनं मशिन धड उरतं. मशिन ओट्यावर बंद अवस्थेत उभं राहू द्या.

हवेची नळी मात्र काढू नका. गल्फने १९१३ ला पहिल्या दिवसापासून फुकट दिलेली तीच ती हवा. कंप्रेसर खराब असेल तर नवा बसवा, कोपरा तोच ठेवा. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात, टायर लवकर झिजतात, आणि चार्जिंगला लावून माणूस रिकामाच उभा असतो.