९९ सेंटांचे अ‍ॅप

(दृश्य: फोनचा पडदा, अगदी जवळून)

पडद्यावर एक वर्तुळ आहे, वर्तुळाच्या आत चार आकडे आहेत आणि त्यांच्या खाली एकच बटण आहे. बटणावर अंगठा टेकला की आकडे उतरू लागतात आणि वर्तुळाची कड हळूहळू विरत जाते. या अ‍ॅपमध्ये याहून अधिक काहीही नाही. ते उघडताना खाते काढावे लागत नाही, फोन नंबर द्यावा लागत नाही, नव्या सुविधांची जाहिरात करणारी पाटी मध्ये येत नाही. आत्ता तुम्ही पाहिलेत तसे ते बोट लागल्याबरोबर चालू होते, वेळ संपली की घंटा वाजवते आणि गप्प बसते.

अशा अ‍ॅपसाठी किती पैसे मोजावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण शेकडो डॉलरचा फोन विनातक्रार घेणारा माणूस एका डॉलरच्या अ‍ॅपपाशी अडखळतो, आधीच्या ग्राहकांचे अभिप्राय वाचतो, असेच काही फुकट मिळते का ते शोधतो आणि पुष्कळदा परत फिरतो. खरेदीच्या बटणावर थबकलेला हा अंगठा आम्ही टिपला आहे. तो जितका वेळ थबकला, तितकेच दृश्य येथे ठेवले आहे. त्याला कात्री लावलेली नाही.

(दृश्य: जुन्या फोनचा पडदा, चिन्हांच्या रांगा)

अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले, तेव्हा त्यात ५०० अ‍ॅप्स होती. किंमत अ‍ॅप करणाऱ्याने ठरवायची, विक्रीतले ७० टक्के त्याला मिळायचे आणि ३० टक्के अ‍ॅपलकडे राहायचे, असा व्यवहार होता. फुकट द्यायचे नसेल तर सर्वांत कमी किंमत ९९ सेंट होती. याच कंपनीच्या संगीताच्या दुकानात २००३ पासून एक गाणे ९९ सेंटांनाच विकले जात होते, त्यामुळे हा आकडा लोकांच्या डोळ्यांना सरावलेला होता. पहिल्या दिवसांतले काही खेळ ९.९९ डॉलरना विकले जात होते आणि तेव्हा ते कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते. मग किंमत उतरली कशी, याचे उत्तर दुकानाच्या दर्शनी यादीत सापडते. सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सची ती यादी विकल्या गेलेल्या प्रतींवर ठरत होती, जमलेल्या पैशांवर नव्हे. किंमत कमी केली की प्रती वाढत, प्रती वाढल्या की यादीत नाव वर सरके, नाव वर दिसले की आणखी प्रती खपत. पाच डॉलरचा खेळ करणाऱ्याने शेजाऱ्याला ९९ सेंटांवर येऊन वर चढताना पाहिले आणि आपलीही पाटी बदलली. काही महिन्यांतच तळाची किंमत हीच नेहमीची किंमत होऊन बसली.

त्या पहिल्या वर्षातली अ‍ॅप्स आज पाहिली की हसू येते. एका अ‍ॅपमध्ये पडदा म्हणजे बिअरचा पेला होता आणि फोन तोंडाशी नेऊन तिरका केला की बिअर संपत जाई. ऑगस्ट २००८ मध्ये ९९९.९९ डॉलर किंमतीचे एक अ‍ॅप आले. त्यात लाल चमकणाऱ्या रत्नाच्या चित्रापलीकडे जवळजवळ काहीच नव्हते आणि त्याचे नावच 'आय अ‍ॅम रिच' असे होते. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपलने ते काढून टाकले, पण तोवर आठ प्रती विकल्या गेल्या होत्या. या गमतींना आम्ही हिणवणार नाही. फोन तिरका केल्याचे फोनला कळते, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्या पेल्याने लोकांना अधिक नीट समजावली. शिवाय ते अ‍ॅप शेजारच्याला दाखवायला दहा सेकंद पुरत. साध्या अ‍ॅपची ओढ तेव्हा यात होती, आणि आमच्या मते आजही यातच आहे: ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे पहिल्या नजरेत कळते.

(दृश्य: रात्रीची खोली, दिव्याखालचे टेबल, कागदाचे कपटे)

सुरुवातीला पाहिलेले घड्याळ या टेबलावर तयार झाले. ते करणाऱ्या बाईंनी आपले नाव घेऊ नये अशी विनंती केली आहे. त्यांचे हात मात्र तुम्हाला दिसतील. या कपट्यांवर त्यांनी घड्याळाचे तोंड पुन्हापुन्हा काढले आहे. सर्वांत खालच्या कपट्यावर सहा बटणे आहेत, त्यावरच्यावर चार, आणि सर्वांत वर ठेवलेल्या कपट्यावर एक.

आता आकड्यांकडे नीट पाहावे. पुष्कळ अक्षरवळणांत १ हा आकडा अरुंद असतो आणि ८ रुंद. त्यामुळे उरलेली वेळ बदलली की ओळीची लांबीही बदलते, आणि मधोमध बसवलेले सगळेच आकडे दर सेकंदाला कणभर इकडेतिकडे सरकतात. पहिल्या आवृत्तीचे हे चित्रण आम्ही मुद्दाम संथ केले आहे, म्हणजे ती थरथर दिसेल. इलाज ठाऊक असलेल्याला सोपा आहे: सर्व आकडे सारख्याच रुंदीचे असतील असे वळण निवडायचे. पण मग १ च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते आणि ११:११ ही वेळ दात पडल्यासारखी विरळ दिसते. त्या जागेसाठी दोन संध्याकाळी गेल्या.

यापुढचे काम कॅमेऱ्याला दिसणारे नाही, पण ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पडदा बंद झाला की बॅटरी वाचवण्यासाठी फोनची यंत्रणा अ‍ॅपला थोड्याच वेळात निजवते, आणि निजलेले अ‍ॅप सेकंद मोजू शकत नाही. म्हणून हे घड्याळ खरे तर मोजतच नाही. बटण दाबले की वेळ नेमकी केव्हा संपणार तो क्षण ते टिपून ठेवते, त्या क्षणी घंटा वाजवण्याचे काम फोनच्या यंत्रणेवर सोपवते, आणि पुन्हा उघडले गेले की टिपलेल्या क्षणातून आताची वेळ वजा करून उरलेले आकडे दाखवते. उतरत जाणारे आकडे आणि विरत जाणारी कड हा केवळ पाहणाऱ्यासाठी मांडलेला देखावा आहे. यातून निघणारे प्रश्न वहीच्या या पानावर ओळीने लिहिलेले दिसतात. मधेच कोणी फोनमधली वेळ बदलली तर काय? घंटा वाजण्याच्या क्षणीच कोणाचा फोन आला तर? आवाज बंद करून ठेवलेला असेल तर? एका बटणाच्या अ‍ॅपसाठी प्रश्नांचे हे पान पाठपोट भरले आहे.

बटणाच्या आकाराचाही एक हिशेब असतो. बोटाला चुकू नये म्हणून स्पर्शाची जागा रुंदीला आणि उंचीला किमान ४४ पॉइंट (पडद्यावरच्या मापाचे एकक) असावी, असे अ‍ॅपलचे मार्गदर्शन आहे. या बाईंनी ती त्याच्या कितीतरी पट ठेवली, कारण घड्याळ लावणाऱ्याचे लक्ष बहुधा दुसऱ्याच कामात असते. डोळ्यांनी न पाहता फोन वापरणाऱ्यांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय फोनमध्ये असते. पहिल्या खेपेला ती या बटणाला नुसते 'बटण' म्हणत होती. तिने 'सुरू करा' म्हणावे यासाठी एक ओळ पुरली. मात्र उतरणारा प्रत्येक सेकंद ती मोठ्याने वाचू लागली तेव्हा, किती वेळाने बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हे ठरवायला त्यांना आणखी एक रविवार द्यावा लागला.

इतके करून हाती येते ते साधे दिसते, आणि किंमतीची पंचाईत तिथूनच सुरू होते. काढून टाकलेली पाच बटणे गिऱ्हाईकाला दिसत नाहीत. ते म्हणते, यात आहे काय?

(दृश्य: शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन, दोन खेळ)

डावीकडच्या फोनवर 'थ्रीज' हा खेळ आहे. आकड्यांचे ठोकळे सरकवून जुळवायचे, एवढाच त्याचा नियम, आणि तो फेब्रुवारी २०१४ मध्ये १.९९ डॉलरना विक्रीस आला. उजवीकडे '२०४८' आहे. 'थ्रीज'च्या मागे १४ महिन्यांचे काम होते. त्या कल्पनेवर बेतलेले दुसरे खेळ लगेच निघाले, आणि महिनाभरात, मार्च २०१४ मध्ये, इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या गॅब्रिएले चिरुल्ली याने शनिवार-रविवारात '२०४८' लिहून तो वेबवर सर्वांसाठी फुकट ठेवला. जग '२०४८' खेळू लागले, आणि 'थ्रीज' हीच त्याची नक्कल आहे असे म्हणणारेही निघाले. 'थ्रीज'च्या कर्त्यांनी तेव्हा आपला दीर्घ पत्रव्यवहार आणि टाकून दिलेली रूपे प्रसिद्ध केली; साधा नियम किती फेकाफेकीनंतर हाती लागला, हे त्यात पानोपानी दिसते. पुढच्या वर्षी त्यांनीही जाहिराती दाखवणारी फुकट आवृत्ती काढली. चिरुल्लीने काही चोरले असे आम्ही म्हणत नाही. त्याने खेळाची संहिताही, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूरही, सर्वांना खुली ठेवली होती. पण दोन्ही फोन समोर ठेवून पाहणाऱ्याला दोन डॉलर आणि शून्य, एवढाच फरक दिसतो.

फुकटाची वाट मोकळी करणारा निर्णय त्याआधीच झाला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅपलने फुकट अ‍ॅप्सच्या आतही विक्री करण्यास परवानगी दिली. दुकानाच्या दारात शून्याची पाटी लावून आत खेळातली नाणी, जीव आणि पुढचे टप्पे विकता येऊ लागले. व्हॉट्सअ‍ॅपने मात्र कित्येक वर्षे जाहिरातीऐवजी सुमारे एक डॉलर घेण्याचा मार्ग धरला होता. ती आकारणी जानेवारी २०१६ मध्ये, फेसबुकने कंपनी विकत घेतल्यानंतर, बंद झाली. फोनचा दिवा लावून देणाऱ्या अ‍ॅप्सचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनच्या यंत्रणेतच विजेरीचे बटण आले आणि तो धंदा बसला. त्याच वर्षी डिसेंबरात ग्राहकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका फुकट विजेरीविरुद्धची कारवाई जाहीर केली. अँड्रॉइडवर कोट्यवधी वेळा उतरवून घेतलेले ते अ‍ॅप वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होते. नुसता दिवा लावायचा, त्याला तुम्ही कुठे उभे आहात हे कशाला हवे?

फुकट म्हणजे लबाडीच, असे मात्र नाही. एफ-ड्रॉइडसारख्या संग्रहात स्वयंसेवकांनी केलेली, संहिता खुली असलेली आणि जाहिरातीविना चालणारी अ‍ॅप्स आहेत. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागेल.

(दृश्य: वहीचे पान, पेन्सिल, बेरजा)

आता वहीतला हिशेब. अ‍ॅपलच्या दुकानात माल ठेवायचा तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेमध्ये एकदाच २५. नव्याण्णव सेंटांतून ३० टक्के गेले की हाती सुमारे ७० सेंट उरतात, म्हणजे केवळ ती वर्षाची फी भरून निघायला १४२ प्रती विकल्या जाव्या लागतात. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मिळवणाऱ्यांसाठी अ‍ॅपलने २०२१ च्या आरंभापासून हा वाटा १५ टक्क्यांवर आणला, आणि बाईंनी त्या सवलतीत नाव नोंदवले असल्याने त्यांना ११८ प्रती पुरतात. पेन्सिलीने १४२ खोडून ११८ केलेले येथे स्पष्ट दिसते. त्याखाली संध्याकाळींचा हिशेब मांडायला घेतला होता. तो अर्धाच सोडलेला आहे.

पैसे एकदाच येतात, काम मात्र दरवर्षी येते. दर शरद ऋतूत फोनची नवी यंत्रणा निघते, पडद्यांचे आकार बदलतात, जुने आदेश मोडीत निघतात. २०१७ मध्ये आयफोनने जुन्या घडणीची, म्हणजे ३२-बिट अ‍ॅप्स चालवणेच थांबवले आणि ज्यांचे कर्ते तोवर दुसऱ्या कामाला लागले होते अशी असंख्य अ‍ॅप्स, पैसे मोजून घेतलेलीसुद्धा, नव्या फोनवर उघडेनाशी झाली. साध्या कामासाठीही दरमहा वर्गणी मागण्याची रीत मग पसरली, आठवड्याच्या वर्गणीत नकळत अडकलेले ग्राहक आणि गाशा गुंडाळलेले कर्ते ही तिची दोन टोके आहेत.

(दृश्य: संगणकाचा पडदा, किंमतींची यादी)

पहाट होत आली आहे. बाईंच्या समोर किंमत निवडण्याची यादी उघडी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलने ही यादी वाढवून ९०० किंमतींची केली आणि तळ २९ सेंटांपर्यंत खाली नेला. बाण आधी २.९९ वर जातो, तिथे थांबतो, मग वर शून्यापर्यंत येतो. शून्याशेजारी जाहिरातीची तजवीज करावी लागेल, आणि जाहिरात म्हणजे त्या पडद्यावर दुसरे बटण. बाण पुन्हा खाली सरकतो. ९९ सेंटांची ओळ निळी होते, खात्री विचारणारी चौकट येते आणि जाते.

अ‍ॅपच्या नावासमोर आता तीनच शब्द आहेत: तपासणीच्या प्रतीक्षेत आहे. टेबलावरचा फोन तेवढ्यात वाजतो. चाचणीसाठी लावून ठेवलेली पंचवीस मिनिटे संपली आहेत.